वृद्धांची वाढती संख्या आणि सरकारची तयारी

लोकसंख्येच्या प्रकरणातला हा मुद्दा परीक्षेत चार-पाच गुणांसाठी विचारला जातो. पण तो तुमच्या पुढच्या पन्नास वर्षांशी जोडलेला आहे. आधी वहीत एक साधं गणित करा. तुमचा जन्म २००८ सालचा आहे असं धरा. २०५० साली तुमचं वय किती? ४२. तेव्हा तुमचे आईवडील सत्तरीच्या आसपास असतील. आणि २०६८ साली तुम्ही स्वतः साठीचे व्हाल. म्हणजे सरकार आज जी तयारी करेल किंवा करणार नाही, तिचा परिणाम आधी तुम्ही कर भरणारे म्हणून सोसाल आणि नंतर वृद्ध म्हणून.

१) समाज ‘म्हातारा’ होतो म्हणजे काय?

माणूस म्हातारा होतो हे आपल्याला कळतं, पण समाज कसा म्हातारा होतो? त्याची कारणं दोन. एक, माणसं जास्त वर्षं जगतात. दोन, मुलं कमी जन्माला येतात. पहिल्या कारणाने वृद्धांची संख्या वाढते आणि दुसऱ्या कारणाने एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा वाढतो. बरेच विद्यार्थी उत्तरात फक्त पहिलं कारण लिहितात. दुसरं कारणही तितकंच महत्त्वाचं आहे, हे विसरू नका.

लोकसंख्या स्थिर राहायची तर एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारताचा हा आकडा २.० आला आणि महाराष्ट्राचा १.७. म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली आलो आहोत.

आंतरराष्ट्रीय तुलनेत साधारणपणे ६५ वर्षांवरील लोक मोजतात. आपल्याकडे ६० वर्षांवरील व्यक्तीला ज्येष्ठ नागरिक मानतात. आकडे लिहिताना कोणतं वय धरलं आहे ते नक्की लिहा, नाहीतर तुलना चुकते.

२) खरा प्रश्न वेगाचा आहे

६५ वर्षांवरील लोकांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली. स्वीडनला सुमारे ८५ वर्षं लागली. जपानला मात्र फक्त २४ वर्षं मिळाली, १९७० ते १९९४. आज जपानमध्ये दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन जण ६५ च्या पुढचे आहेत.

आता भारताकडे बघा. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोक सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे ८.६ टक्के होते. केरळमध्ये हा वाटा १२.६ टक्के होता आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के. २०५० च्या सुमारास देशात दर पाच जणांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे.

फ्रान्ससारख्या देशांकडे पेन्शन, दवाखाने आणि शुश्रूषेची व्यवस्था उभी करायला शंभर वर्षं होती आणि तेवढ्या काळात ते श्रीमंतही झाले. आपल्याकडे वेळ कमी आणि पैसाही कमी. म्हणून ‘पुढे बघू’ हे धोरण आपल्याला परवडणारं नाही.

३) जपानने काय केलं? एक अभ्यास

१९७३ साली जपानने ७० वर्षांवरील लोकांना वैद्यकीय उपचार मोफत केले. हेतू चांगला होता. पण घडलं काय? उपचारांची गरज संपलेले वृद्धही रुग्णालयातच राहू लागले, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं आणि दुसरी सोयही नव्हती. खाटा अडल्या, खर्च वाढला. १९८३ पासून वृद्धांकडून थोडं शुल्क घेणं पुन्हा सुरू झालं.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आजारपण वेगळं आणि परावलंबन वेगळं. ताप आला तर डॉक्टर लागतो. पण अंघोळ घालायला, जेवू घालायला, कूस बदलायला माणूस लागतो. ही गरज दवाखाना भागवू शकत नाही.

मग १९९७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाला. त्याची रचना अशी:

• वयाच्या ४० व्या वर्षापासून प्रत्येकाने हप्ता भरायचा.
• साधारण निम्मा पैसा हप्त्यांतून आणि निम्मा करांतून.
• योजना चालवायची ती नगरपालिकांनी आणि गावच्या स्थानिक संस्थांनी.
• मदत हवी असेल तर तिथे अर्ज करायचा. कर्मचारी घरी येऊन पाहणी करतो आणि समिती गरजेची पातळी ठरवते. एकूण सात पातळ्या आहेत.
• पातळीनुसार घरी येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र किंवा निवासी सोय मिळते. बहुतेकांना खर्चाच्या १० टक्के द्यावे लागतात, जास्त उत्पन्न असेल तर २० किंवा ३० टक्के.

यात एक मोठा वाद झाला होता. घरीच सांभाळणाऱ्या नातेवाइकांना रोख पैसे द्यावेत की नाही? जर्मनीने १९९५ साली सुरू केलेल्या अशाच विम्यात रोख रकमेचा पर्याय ठेवला. जपानमध्ये अनेक स्त्रियांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की पैसे मिळाले तरी काम सुनेच्या किंवा मुलीच्याच गळ्यात राहील. म्हणून जपानने मुख्यतः सेवाच द्यायची असं ठरवलं.

ही योजना निर्दोष आहे का? नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तीचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला सुमारे २,९०० येन होता, तो आता ६,००० येनच्या पुढे गेला आहे. शुश्रूषा करणाऱ्या कामगारांचीही टंचाई आहे. पण ‘म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं ही फक्त घराची नाही, समाजाचीही जबाबदारी आहे’ हे तिथे कायद्याने मान्य झालं. तयारीची सुरुवात तिथून होते.

४) आपल्याकडे काय आहे?

पेन्शन: केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरीब व्यक्तीमागे केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे आणि ८० च्या पुढे ५०० रुपये. तो २०० चा आकडा २००७ सालीही २०० च होता. मधल्या काळात डाळ, तेल, गॅस किती महागले ते घरी विचारा. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाली.

आरोग्य: २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पण हे रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्या आणि घरची शुश्रूषा यात येत नाही.

कायदा: २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार वृद्ध आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर-जमीन नावावर करून दिली आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्दही होऊ शकतो.

प्रवास: एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि २०२२ पासून ७५ च्या पुढे मोफत प्रवास. तालुक्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या आजीला याचा फार मोठा आधार आहे.

५) सरकारने पुढे काय करावे?

अ) पेन्शन महागाईशी जोडावी. अटल पेन्शन योजनेचं उदाहरण घ्या. १८ व्या वर्षी दरमहा २१० रुपये भरायला लागलात तर साठीनंतर ५,००० रुपये पेन्शन. तीच पेन्शन ४० व्या वर्षी सुरू करून हवी असेल तर दरमहा १,४५४ रुपये भरावे लागतात. लवकर सुरुवात करण्याचा फायदा इथे दिसतो. पण दुसरी बाजूही बघा. महागाई दरवर्षी ५ टक्के धरली, तर ४२ वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या सुमारे ६५० रुपयांइतकी राहते. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले यांना दुसरा आधार नाही. त्यांच्यासाठी रक्कम महागाईप्रमाणे वाढलीच पाहिजे.

आ) घरपोच शुश्रूषा उभी करावी. यासाठी जपानपर्यंत जायलाच हवं असं नाही. केरळने २००८ साली उपशामक काळजीचं धोरण आणलं. तिथे पंचायती, परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक मिळून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीचं जाळं गावोगाव आहे. मात्र त्यांच्यावर आणखी एक काम फुकटात लादू नये. वेगळी प्रशिक्षित माणसं नेमावीत आणि त्यांना नीट पगार द्यावा. यातून तरुणांना रोजगारही मिळेल.

इ) साठीआधीच आरोग्य सांभाळावे. चाळिशीत रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवला तर सत्तरीत अर्धांगवायू आणि डायलिसिस टळण्याची शक्यता वाढते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ई) गावं आणि शहरं चालण्याजोगी करावीत. सलग पदपथ, बसची खालची पायरी, जिन्याला कठडा, स्वच्छ स्वच्छतागृह. पडून खुब्याचं हाड मोडलं की हिंडतंफिरतं माणूस कायमचं परावलंबी होऊ शकतं.

उ) काम करू इच्छिणाऱ्यांना काम द्यावे. पण निवृत्तीचं वय सरसकट वाढवू नये. कार्यालयात बसणारा ६५ पर्यंत काम करू शकेल. विटा वाहणाऱ्याचं शरीर पन्नाशीतच थकलेलं असतं.

६) एक नेहमीचा आक्षेप

‘आपल्या संस्कृतीत मुलं आईवडिलांना सांभाळतात, मग सरकार कशाला?’ वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. प्रश्न चांगला आहे. पण सांभाळतात म्हणजे नेमकं कोण सांभाळतं? बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा स्वतः म्हातारी बायको. त्यांच्या कष्टाची नोंद कुठेच होत नाही. शिवाय एकुलता मुलगा पुण्यात किंवा परदेशात नोकरीला असेल, तर प्रेम कितीही असलं तरी रोज अंघोळ घालायला तो येऊ शकत नाही. सरकारी मदत कुटुंबाची जागा घेत नाही. उलट, ती कुटुंबाला मोडून पडू देत नाही.

लक्षात ठेवा: वृद्धांसाठी केलेला खर्च म्हणजे दुसऱ्या कुणावर केलेले उपकार नव्हेत. प्रत्येक तरुण, जगला वाचला तर, त्याच रांगेत येणार आहे.

स्वाध्याय

१. वृद्धांचा लोकसंख्येतला वाटा वाढण्याची दोन कारणे स्पष्ट करा.
२. उपचार आणि शुश्रूषा यांतील फरक जपानच्या उदाहरणाने सांगा.
३. घरी सांभाळणाऱ्याला रोख रक्कम द्यावी की सेवा द्यावी? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
४. उपक्रम: तुमच्या गल्लीतल्या किंवा वाडीतल्या पाच ज्येष्ठांशी बोला. त्यांचा महिन्याचा औषधांचा खर्च किती, पेन्शन मिळते का, आणि आजारी पडल्यावर जवळ कोण असतं, हे त्यांच्या परवानगीने आणि नाव न लिहिता नोंदवा. मग सरकारने सर्वांत आधी काय करायला हवं, ते दहा ओळींत लिहा.