आपली बाजू मांडताना

लालबागच्या एका शाळेत सातवीच्या परीक्षेत पुढील प्रश्न विचारण्यात आला होता : ‘सार्वजनिक गणेशोत्सवात ध्वनिवर्धक असावेत की नसावेत? आपले मत सकारण लिहा.’

लालबागच्या मुलांजवळ या विषयावर लिहिण्यासारखे पुष्कळ असणार, हे सांगावयास नकोच. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणपती १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा १९२८ पासूनचा, आणि बाजारातील कोळी मंडळींनी व व्यापाऱ्यांनी नवस फेडण्यासाठी बसविलेला ‘लालबागचा राजा’ १९३४ पासूनचा. भाद्रपदातील त्या दिवसांत येथील गल्ल्यांना रात्र ठाऊक नसते. मुलांनी पुरवण्या मागून मागून लिहिले. तरीही चांगले गुण मिळाले ते अगदी थोड्यांना.

उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर गुरुजींनी त्यांतील दोन वर्गात वाचून दाखविल्या. कोणाच्या त्या मात्र सांगितले नाही. पहिल्या मुलाने लिहिले होते : ‘ध्वनिवर्धक म्हणजे समाजाला लागलेली भयंकर कीड आहे. त्याच्या कर्कश, भीषण, राक्षसी आवाजाने लक्षावधी लोक बहिरे झाले आहेत. हे थांबलेच पाहिजे!’ असे तीन पानांपर्यंत चालले होते. दुसऱ्याने पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूस फायदे व दुसऱ्या बाजूस तोटे लिहिले होते आणि शेवटी ‘म्हणून ध्वनिवर्धकांचा योग्य तो वापर करावा’ असे म्हणून उत्तर संपविले होते.

पहिल्याचे वाचताना वर्गाला हसू आले. दुसऱ्याचे कोणालाच चुकीचे वाटले नाही. पण गुरुजींनी विचारले, “योग्य तो, म्हणजे किती? कोणत्या वेळी? कोणत्या ठिकाणी?” याचे उत्तर कोणाजवळ नव्हते, लिहिणाऱ्याजवळही नव्हते. पहिल्या मुलाने मत दिले, पण कारण दिले नाही. दुसऱ्याने कारणे दिली, पण मतच दिले नाही. मला विचाराल तर दुसरा दोष अधिक वाईट. तावातावाने लिहिणाऱ्याला कारणे शोधावयास शिकविता येते. परंतु ज्याला काहीच म्हणावयाचे नाही त्याला काय शिकवावे?

आपली बाजू कशी मांडावी, याचा एक उत्तम पाठ याच भागात घालून दिला गेला आहे. तो कोणा पंडिताने घालून दिलेला नाही. त्यासाठी आपल्याला लालबागच्या शेजारी परळला, आणि काळाने १८८४ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद, अशी रीत होती. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला होता. परंतु त्यात मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. मुलांपुरती ती होती : सात वर्षांच्या आतील मुलांना कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. ज्याला बारा वर्षे पुरी झाली तो या कायद्याच्या दृष्टीने मूलच राहत नसे. तुमच्या वर्गातील कितीजणांना बारा वर्षे पुरी झाली आहेत, ते मोजून पाहा.

हा कायदा सुधारावा की काय, याचा विचार करण्यासाठी १८८४ साली मुंबई सरकारने एक चौकशी मंडळ नेमले. नारायण मेघाजी लोखंडे हे त्या वेळी ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक होते. महात्मा जोतीराव फुले यांचे ते सहकारी. गिरणीत नोकरी केल्यामुळे तेथील जिणे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. सप्टेंबर महिन्यात त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरविली आणि चौकशी मंडळापुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला. त्याच्याखाली सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

या अर्जात काय मागितले होते? ‘आमच्यावर दया करा’, ‘आमचे हाल थांबवा’ असे त्याचे स्वरूप नव्हते. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना जो जखमी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

रविवार, अर्धा तास, साडेसहा, पंधरा तारीख. हे शब्द पुन्हा एकदा वाचा. ‘दया करा’ असे कोणी म्हटले तर मालक सहज म्हणू शकतो, “करतोच आहोत की!” पण ‘पगार १५ तारखेच्या आत द्या’ या मागणीला होय किंवा नाही, एवढीच उत्तरे संभवतात. ज्या वाक्याला समोरच्याला ‘नाही’ म्हणता येते, तेच खरे मत. ‘योग्य तो वापर करावा’ या वाक्याला कोण नाही म्हणणार? म्हणूनच ते मत नव्हे.

लोखंड्यांच्या कामात दुसरीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कारखान्यांचा कायदा नको म्हणणाऱ्यांजवळ एक बळकट मुद्दा होता. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील गिरणीवाल्यांना मुंबईच्या कापडाशी स्पर्धा नको होती, आणि येथील कामाचे तास कमी व्हावेत म्हणून तेच आपल्या सरकारकडे आग्रह धरीत होते. तेव्हा हा कायदा म्हणजे कामगारांविषयीचा कळवळा नसून परक्यांचा डाव आहे, असे येथील मालक म्हणत. आणि त्या काळच्या अनेक देशी वृत्तपत्रांनाही ते पटत असे. हा आक्षेप पोकळ नव्हता. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. मग त्याला उत्तर काय? परळला जमलेल्या कामगारांच्या सह्या हेच उत्तर. रविवारची सुट्टी लँकेशायरचा मालक मागत नव्हता. ज्याची पाठ रोज मोडत होती तो माणूस मागत होता. विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हे ओळखावे आणि नेमके त्यालाच उत्तर द्यावे, हे येथे शिकावयाचे. दुबळा मुद्दा निवडून तो पाडण्यात शौर्य नाही.

अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी मागण्या मान्य झाल्या, असे मात्र घडले नाही. वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने चौदा वर्षांच्या आतील मुलांचे काम सात तासांवर व स्त्रियांचे अकरा तासांवर आणले. मात्र नऊ वर्षांचे मूल कामावर घेण्यास त्या कायद्याचीही हरकत नव्हती.

आता आपल्या परीक्षेकडे परत येऊ. त्या वर्गातील एका मुलीची उत्तरपत्रिका गुरुजींनी सर्वांत शेवटी वाचली. तिचा निबंध जेमतेम दीड पानाचा होता. त्याचा आरंभ असा : ‘गर्दीला सूचना देणारा ध्वनिवर्धक उत्सवात असावा, गाणी वाजविणारा ध्वनिवर्धक रात्री दहानंतर एकही दिवस नसावा.’ पहिल्याच वाक्यात तिने दोन ध्वनिवर्धक निराळे केले. गेल्या वर्षी गर्दीत तिचा धाकटा भाऊ हात सुटून हरवला होता. मंडळाच्या माणसाने त्याचे नाव कर्ण्यावरून पुकारले आणि तो सापडला. पण त्याच दिवसांत तिची आजी आजारी होती, आणि खिडक्या लावूनही गाण्यांच्या आवाजाने तिला रात्री झोप लागत नव्हती. मुलीने या दोन्ही गोष्टी मोजक्या वाक्यांत सांगितल्या. नंतर तिने नियमाचा आधार घेतला : ध्वनिप्रदूषणाविषयी २००० साली झालेल्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सणांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढविता येते, हेही तिने लिहिले. ते तिच्या मताच्या विरुद्ध जाणारे होते. तरी तिने ते झाकून ठेवले नाही.

मग तिने विरोधकाला बोलू दिले. तिचे वडील मंडळाचे कार्यकर्ते. ते घरी म्हणत, “वर्षातून दहा दिवस तर उत्सव! तेवढ्यापुरते लोकांनी सोसावे. शिवाय कर्णे भाड्याने देणाऱ्यांचे पोट त्यावरच चालते.” मुलीने हे म्हणणे जसेच्या तसे लिहिले आणि त्याची थट्टा केली नाही. भाड्याने कर्णे देणाऱ्यांचे नुकसान होईल, हे तिने मान्य केले. परंतु दिवसा व संध्याकाळी त्यांचा धंदा चालूच राहील, असे दाखविले. ‘दहा दिवस सोसावे’ यावर तिने लिहिले : ‘निरोगी माणूस दहा रात्री सोसू शकतो. पण परळला १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय आहे आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. दूरदूरच्या गावांहून तेथे आलेले रोगी आणि त्यांचे नातेवाईक याच भागात आसऱ्याला असतात. त्यांनी सोसावे की नाही, हे आपण ठरविणे बरे नव्हे.’

वर्गातील काही मुलांना तिचे मत मुळीच पटले नाही. मिरवणुकीत ताशा वाजविणारा एकजण तर उठून भांडू लागला. गुरुजी त्याला म्हणाले, “तू उलट बाजूने लिही. तिने ज्याला उत्तर दिले नाही असा मुद्दा शोधून काढ. तुलाही तितकेच गुण मिळतील.” परीक्षक मताला गुण देत नाही, हे अनेक विद्यार्थ्यांना खरेच वाटत नाही. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधीत ते लिहितात, आणि म्हणून त्यांचा निबंध कोणाचाच राहत नाही.

निबंधासाठी अर्धा तास मिळाला असेल, तर पहिली सात-आठ मिनिटे उत्तर लिहू नये. शेजारच्या मुलाची लेखणी धावू लागली की धीर सुटतो, हे खरे; पण तो काय लिहीत आहे ते आपणांस ठाऊक नसते. कच्च्या कामाच्या जागेवर प्रथम आपले मत एका वाक्यात लिहावे. ‘नाही’ म्हणता येईल असे ते आहे ना, हे पाहावे. नसेल तर बदलावे. त्याखाली सुचतील तितकी कारणे लिहावीत आणि त्यांतील दोन किंवा तीनच ठेवावीत. येथे विद्यार्थ्यांचा जीव तुटतो! परंतु दुबळे कारण बळकट कारणाच्या शेजारी बसले की त्यालाही दुबळे करते. प्रत्येक कारणासमोर एक उदाहरण लिहावे. शक्यतो आपण पाहिलेले. शेवटी विरोधकाचे एक वाक्य लिहावे. ते सुचत नसेल तर समजावे की विषयाचा विचार अजून पुरता झालेला नाही.

आकड्यांच्या बाबतीत विशेष जपावे. ‘लक्षावधी लोक बहिरे झाले’ असे त्या पहिल्या मुलाने लिहिले, ते त्याने मोजले होते काय? ठाऊक नसलेला आकडा लिहिण्यापेक्षा ‘आमच्या चाळीत’ असे लिहावे. ते लहान असते, पण खरे असते.

कारणांचा क्रम कसा लावावा, याविषयी मतभेद आहेत. काहीजण बळकट कारण आधी द्यावे म्हणतात, काहीजण शेवटी. विरोधकाला उत्तर देऊन झाल्यावर आपले सर्वांत बळकट कारण यावे, असे मला वाटते. त्या मुलीने रुग्णालयांचा मुद्दा तेथेच ठेवला होता. आरंभी विषयाची व्याख्या देत बसू नये. ध्वनिवर्धक म्हणजे काय, हे परीक्षकाला ठाऊक असते.

गुरुजींनी ती उत्तरपत्रिका परत दिली तेव्हा मुलीने ती घरी वडिलांना वाचावयास दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. “दहा नव्हे, बारा,” एवढेच ते म्हणाले, आणि बापलेकींचा वाद पुन्हा सुरू झाला. पण या वेळी तो दोन तासांपुरताच होता.

स्वाध्याय

१. १८८४ च्या अर्जातील पाच मागण्या आपल्या शब्दांत लिहा. त्यांपैकी कोणती मागणी मालकांना सर्वांत जड वाटली असेल? का?

२. ‘शाळेच्या ग्रंथालयाचा योग्य वापर व्हावा’ या वाक्याला कोणी ‘नाही’ म्हणू शकेल काय? ज्याला ‘नाही’ म्हणता येईल असे वाक्य त्याच्या जागी तयार करा.

३. त्या मुलीच्या वडिलांच्या बाजूने एक परिच्छेद लिहा. रुग्णालयांच्या मुद्द्याला त्यात उत्तर द्या.

४. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधील अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. अशा एखाद्या गिरणीच्या जागेवर क्रीडांगण व्हावे की घरे व्हावीत, याविषयी घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाचे मत विचारा. ते मत जसेच्या तसे लिहून घ्या, आणि नंतर आपले मत एका वाक्यात मांडा.