मुलींचा खो-खो : संघाची निवड

१९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्ली येथे पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिला खो-खो संघाने नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची. संघातील पंधरा मुली निरनिराळ्या राज्यांतून आल्या होत्या.

शाळेचा संघ निवडताना मात्र केवळ धावण्याचा वेग पाहिला जातो. हे योग्य नव्हे. पाठलागाच्या वेळी आठ मुली ओळीत बसतात व नववी धावते. बचावास तिघी-तिघी उतरतात. खुंटाजवळ हुलकावण्या देत तग धरणारी मुलगी वेगात मागे असली तरी संघात हवी. तिला वगळले, तर पुढील वर्षी ती मैदानाकडे फिरकतही नाही. प्रत्येकीचा बचावाचा काळ घड्याळ लावून वहीत नोंदवावा. सोलापूरच्या उन्हात हा सराव अर्थातच प्रार्थनेपूर्वी उरकावा.