चाकी हाताने फिरत होती

डोंगरकड्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधणं, पेरणीयंत्रं दुरुस्त करणं हे काम मी पंचवीस वर्षं करतोय. दुकानातल्या टेबलाच्या खणात एक चाकी जपून ठेवली आहे. सहा मिलिमीटरची, आत नायलॉनचं कडं असलेली. दिसायला नवीकोरी. पण बोल्टवर चढवून बोटाने फिरवली, तर सरसर शेवटपर्यंत जाते. नायलॉकची चाकी अशी जायला नको. आटे कड्यात रुतले की तिथून पुढे पाना लागलाच पाहिजे.

ही चाकी सुटली आणि मी बांधलेलं विमान जमिनीवरच पालथं झालं. माझं कॉलरबोन मोडलं. पंख्याचा एक तुकडा शेडचा पत्रा फाडून आरपार गेला. त्या भोकापासून हातभर अंतरावर गावातली चार पोरं उभी होती. हाड महिन्या-दीड महिन्यात जुळलं. पत्र्याचं ते भोक मी अजून बुजवलेलं नाही.

विमानाचं वेड मला फेब्रुवारी 2016 मध्ये लागलं. मुंबईत ‘मेक इन इंडिया’चा सप्ताह भरला होता आणि कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तिथे ठेवलं होतं. टीव्हीवर ते पाहिलं आणि वाटलं, गच्चीवर होतं तर माझ्या शेडमध्ये का नाही? परदेशात एकाच माणसाने बसायच्या छोट्या विमानांचे नकाशे विकत मिळतात. तसा एक संच मागवला. नळ्यांचा सांगाडा, लाकडी फासळ्या, वर कापड, आणि पुढे पट्टा लावून बसवलेलं जुनं मारुती 800 चं इंजिन. वेल्डिंगच्या टाक्याबद्दल मला कधी शंका नव्हती, आजही नाही. चूक तिथे नव्हतीच.

चूक सीटखाली होती. हातातल्या दांड्यापासून शेपटीच्या एलिव्हेटरपर्यंत एक नळी जाते. दांडा ओढला की नाक वर, ढकलला की खाली. ही नळी जिथे चिमट्यात अडकते तिथे एक बोल्ट असतो. जुळवाजुळव करताना तो मी दहा-बारा वेळा काढला आणि घातला, दर वेळी त्याच चाकीने. शिवाय खालच्या बाजूला चाकीला पाना बसत नव्हता, म्हणून बोल्ट खालून वर घातला होता. म्हणजे चाकी निघाली तर बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली गळणार. विमानाच्या कामात बोल्टचं डोकं वर किंवा पुढे ठेवायचं, हा साधा संकेत आहे. चाकी पडली तरी बोल्ट जागेवर राहावा, एवढंच त्याचं कारण. ते मी वाचलेलं होतं.

माझा पुतण्या तेव्हा दहावीत होता. सुट्टीच्या दिवशी हाताखाली यायचा. सीट बसवायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “काका, ही चाकी हातानंच फिरायलीय.” मी म्हणालो, “राहू दे, रंग झाल्यावर बदलू.” रंग झाला, सीट बसली, बोल्ट झाकला गेला.

त्यात घाई शिरली. ऑक्टोबर 2019 मध्ये यादवांना चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाल्याची बातमी आली. विमानाची नोंदणी त्याआधी दोन वर्षं, नोव्हेंबर 2017 मध्ये झाली होती. म्हणजे विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तो माणूस कागद आणि तपासण्यांमधून जात होता. त्या बातमीतला परवाना मी पाहिला, ती साडेतीन वर्षं पाहिली नाहीत. दोन महिन्यांत, डिसेंबरातल्या एका सकाळी, कालव्याकडेच्या मातीच्या पट्ट्यावर मी विमान नुसतं पळवायला काढलं. उडायचं नाही, फक्त चाकांवर पळवायचं. तिसऱ्या फेरीला वेग आला, शेपटी उचलली गेली. ती खाली आणायला दांडा मागे ओढला. तो पोटाला येऊन टेकला, अगदी हलका, पलीकडे काहीच नसल्यासारखा. नाक खाली गेलं, पंखा मातीत घुसला.

ज्यांच्या डोक्यात हे वेड आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहितो. मराठवाड्यात अशी पोरं पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे.

हलत्या सांध्यावर नुसती नायलॉक चाकी वापरू नका. तिथे खाचांची चाकी आणि तिच्यातून आरपार स्प्लिट पिन. नायलॉक एकदा काढली की फेकून द्या, ती काही रुपयांची वस्तू आहे. डोक्यावर खूण नसलेला बोल्ट विमानात घालू नका. त्याची ताकद किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ट्रॉलीला शंका आली की आपण जाड पट्टी मारतो. विमानात जाड पट्टी म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे दुसरा धोका. आणि पंखा ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत, कितीही लांब, कुणालाही उभं राहू देऊ नका. हे मी त्या चार पोरांच्या आयांकडे पाहून शिकलो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट चाकीची नाहीच. पुतण्याने दोष पाहिला होता. तो बोललाही होता. काम थांबवायचा अधिकार मात्र मी त्याला दिला नव्हता. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना आहे, पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये सुरू केलेली. तिचे अनुभवी सभासद दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन त्याचं काम तपासतात, आणि तेही कापड चढवायच्या, पत्रा ठोकायच्या आधी. आपल्याकडे तसं कुणी दारात येत नाही. म्हणून आपणच माणसाकडे जायचं. विमान देखभालीचा परवाना असलेला इंजिनिअर शोधा. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे एकदा जाऊन उड्डाणाआधी ग्लायडर कसं हाताने चाचपून पाहतात ते उभं राहून बघा. आणि घरात, गावात एक तरी माणूस असा नेमा की तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं. त्याला विमान कळायला हवं असं नाही. चाकी हाताने फिरते हे दहावीच्या पोराला कळलं होतं.

यंत्र बसवणं, वायरिंग, टाक्या, घड्याळं, हे लोकांना बांधणीनंतरचं किरकोळ काम वाटतं. तसं ते नाही. बर्ट रुटान यांचं ‘लाँग-ईझी’ हे घरी बांधायच्या विमानांतलं नावाजलेलं विमान. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनेही 1980 च्या दशकात आपलं पहिलं छोटं विमान त्याच नकाशावर बांधलं. अमेरिकन गायक जॉन डेनव्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी लाँग-ईझीमध्येच गेला. ते विमान दुसऱ्याने बांधलेलं होतं. मूळ नकाशात पेट्रोलची टाकी बदलायची तोटी वैमानिकाच्या पुढ्यात, पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली, पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत म्हणून. हेतू चांगला होता. पण तिथवर पोहोचायला अंग मागे वळवावं लागायचं, आणि वळताना उजव्या पायाने पेडल दाबलं जायचं. विमान कमी उंचीवर होतं, माँटेरीच्या उपसागरात पडलं. म्हणून प्रत्येक तोटी, प्रत्येक बटण पट्टा आवळून बसल्यावर डोळे मिटून हाताला लागतं का, हे शेडमध्ये शंभर वेळा बघा. नकाशातली एक वस्तू हलवायची असेल तर ती तिथे का होती, हे आधी शोधून काढा.

पेट्रोलचं आपल्या भागात नीट सांगायला हवं. पंपावर मिळतं त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. माझ्या ट्रॉल्या ज्या कारखान्यांना ऊस नेतात, तसल्याच कारखान्यांतून त्यातलं बरंच येतं. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, मला ते हवंच आहे. पण फायबरच्या टाकीचा लेप, जुन्या रबरी नळ्या यांना इथेनॉल मऊ करतं. शिवाय ते पाणी ओढतं. रोटॅक्स 912 सारख्या खास विमानाच्या इंजिनालाही 10 टक्क्यांचीच मुभा आहे. माझ्या टाकीचा लेप चार महिन्यांत चिकट झाला होता आणि फिल्टरमध्ये त्याची साय साचली होती, हे अपघातानंतर उघडून पाहिलं तेव्हा कळलं. चाकीने घात केला नसता तर सायीने केला असता, आणि तो कदाचित हवेत. तपासायला काचेची उभी नळी घ्या. 10 मिलिलिटर पाणी, वर 100 मिलिलिटर पेट्रोल, हलवा, ठेवा. तळाचं पाणी जितकं वाढलेलं दिसेल तितकं अंदाजे इथेनॉल.

वेग दाखवणाऱ्या काट्याला हवा पुरवणारी पुढची बारीक नळी रोज झाकून ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये कुंभारमाशीला तसलं भोक फार आवडतं. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक प्रवासी विमान समुद्रात पडून 189 माणसं गेली. अशा माशीच्या घराने ती नळी बुजली असावी, असं तपासात निघालं. घरगुती वायर वापरू नका. ती जळली तर तिचा धूर डोळे उघडू देत नाही. आणि प्रत्येक वस्तू बसवली की पुन्हा वजन करा. मी केळीचे तीन काटे तीन चाकांखाली ठेवून करायचो, ते चालतं. पण बॅटरी मागे सरकवल्यावर पुन्हा केलं नव्हतं. विमान मागे जड झालं तर हवेत नाक सावरत नाही.

पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. तिथला शेख इस्माईल, चोवीस वर्षांचा, माझ्यासारखाच वेल्डिंग करणारा. त्याने स्वतः हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट 2021 मध्ये जमिनीवरच्या चाचणीत मागचा पंखा तुटला, मोठ्या पात्यावर आदळला आणि पातं त्याच्या डोक्याला लागलं. ती बातमी वाचली त्या रात्री मी शेडमध्ये जाऊन बसलो. त्याची जिद्द माझ्याहून मोठी होती. त्याला वेडा म्हणणारे लोक भेटले की मी वाद घालतो. त्या चाचणीच्या वेळी त्याच्या शेजारी या कामातला एखादा जुना माणूस उभा असता, तर तो पोरगा आज असता, असं मला राहून राहून वाटतं.

परवान्याकडेही मी आता तसंच बघतो. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी नसताना उडणं गुन्हा आहे. पण मला शिक्षेपेक्षा ती तपासणी हवी आहे. आधी अर्ज, मग लोखंड, हा क्रम मी उलटा केला होता.

सांगाडा मी पुन्हा उभा केलाय. परवाना नाही, म्हणून तो शेडबाहेर जात नाही. पुतण्या आता दुकानात माझ्याबरोबर असतो. त्याला जिथे शंका येईल तिथे तो लाल चिंधी बांधतो, आणि त्याने सोडेपर्यंत मी त्या भागाला हात लावत नाही. सध्या सात चिंध्या आहेत. काल संध्याकाळी आठवी दिसली, पेट्रोलच्या नळीवर. काय दिसलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही. आज इंजिन चालू करायचं ठरलं होतं. मी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि ट्रॉलीच्या कामाला लागलो.