आधी डोळे बघ, मग घड्याळ

पोरी, उद्यापासून शिट्टी आणि स्टॉपवॉच तुझ्याकडे. तू घोडनदीची, मी दौंडचा. दोघंही पोहायला विहिरीतच शिकलो. पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला कासरा आणि काठावर चुलता. तुझ्याकडे येणारी कितीतरी पोरं अजून अशीच शिकून येतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी कानात ठेव.

विहिरीचं पोर

विहिरीत शिकलेलं पोर पाण्याला भीत नाही, म्हणजे तुझं अर्धं काम त्याच्या चुलत्यानं केलेलं असतं. पण ते मान वर ठेवून पोहतं. विहिरीत ते बरोबरच आहे, वरून कोण मुटका मारतोय हे बघावं लागतं. तलावात मात्र मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि पोर छातीनं पाणी ढकलत राहतं. अशा वेळी ‘हात जोरात मार’ असं ओरडू नकोस. तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायला शिकव. बुडबुडे सारखे निघाले पाहिजेत, म्हणजे तोंड बाहेर येतं तेव्हा छाती रिकामी असते आणि हवा आपोआप आत शिरते. श्वास धरून ठेवणारं पोर पन्नास मीटरमध्येच दमतं. पहिले पंधरा दिवस एवढंच घे.

मग वळणं. पंचवीस मीटरच्या तलावात शंभर मीटरच्या शर्यतीत तीन वेळा वळावं लागतं, आणि आपली पोरं तिथंच मागं पडतात. पाठीवर पोहणाऱ्याला भिंतीच्या पाच मीटर अलीकडच्या पताक्या दिसतात. तिथून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते प्रत्येकानं मोजून पाठ करायचं.

वेळ आधी विचार

पोर भिंतीला लागलं की लगेच सेकंद सांगू नकोस. आधी त्यालाच विचार, ‘किती लागले असतील?’ सुरुवातीला पाच सेकंदांनी चुकेल. ज्या दिवशी अंदाज एका सेकंदाच्या आत येईल, त्या दिवशी घड्याळ त्याच्या अंगात उतरलं म्हणून समज. दोनशे मीटरमध्ये पहिले पन्नास उधारीवर पोहणारे खूप असतात. शेवटच्या पन्नासात ती उधारी व्याजासकट फेडावी लागते.

आणि घाई करू नकोस. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा त्या स्पर्धेत भारताला जलतरणाचं पदक २४ वर्षांनी मिळालं होतं. देशालाच एवढं थांबावं लागलं, मग बारा वर्षांच्या पोराकडून एका हंगामात सगळं मागू नये. खांदा दुखतो म्हणालं की सरावात हाताला बांधायच्या पॅडल-पट्ट्या काढून ठेव. खांदा एकदा गेला की पोर पाण्यातून उठतं.

आपलं पाणी

भीमा आणि घोड आपल्या आया आहेत, पण सरावाची जागा म्हणून त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नकोस. वाळू उपशानं पात्रात खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जातो. पावसाळ्यात पुण्याच्या धरणांतून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं. ते दौंडच्या पुलाखाली पोचतं तेव्हा आपल्या डोक्यावर ढगही नसतो. कोरडं आभाळ बघून पोरं नदीत उतरतात, म्हणून विसर्गाची बातमी रोज विचारायची.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कोणालाही जाऊ देऊ नकोस. वरून पडणारं पाणी तिथं माणसाला पुन्हापुन्हा आत ओढतं, आणि ताकदवान पोहणाऱ्यालाही ते सुटू देत नाही. कालव्याचं अस्तर आणि शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळानं निसरडा होतो. पोहता येणारी माणसंही बाहेर निघता न आल्यानं तिथं बुडतात. ज्या पोराच्या घरी शेततळं असेल, त्याच्या बापाला पहिल्याच भेटीत सांग, ‘चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा.’ हे सांगणंही तुझ्या प्रशिक्षणातच धर.

खुलं पाणी

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून खुल्या पाण्यातली दहा किलोमीटरची शर्यतही ऑलिंपिकमध्ये आहे, त्यामुळे पोरं त्याकडेही वळतील. तलावाच्या तळाला काळी रेघ असते, समुद्राच्या तळाला नाही. सात-आठ हातांनी एकदा मगरीसारखे नुसते डोळे वर काढून समोरची खूण बघायची. पूर्ण मान उचलली की पाय बुडतात. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण लाट कुठल्या अंगानं येईल ते तिच्या मर्जीवर.

मालवणला किंवा मुंबईला नेशील तेव्हा कोळ्यांचं गणित शिकून घे. तिथीची पाऊणपट केली की भरती भरायची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पाण्याची ओढ जास्त, अष्टमीला कमी. हा अंदाज झाला. पोराला पाण्यात सोडण्याआधी भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघायचाच.

होडीतून

आता माझी चूक ऐक. एका लांब पल्ल्याच्या पोहण्यात मी होडीत घड्याळ धरून बसलो होतो. पोर मिनिटाला बासष्ट हात मारत होतं, ते पन्नासवर आलं. मी ‘थोडंच राहिलं, ओढ’ म्हणून ओरडत राहिलो. मग बाटली दिली तर ती त्याला धरता येईना. नाव विचारलं तर नुसतं माझ्याकडे बघत राहिलं. त्याला गारठ्यानं धरलं होतं. तेव्हा ओढून वर घेतलं, कोरडं करून गोधडीत गुंडाळलं, आणि ते बोलायला लागेपर्यंत माझे हात थरथरत होते. त्या दिवसापासून दर पंधरा मिनिटांनी हात मोजतो आणि दर बाटलीला एक प्रश्न विचारतो: आईचं नाव, शाळेचं नाव. उत्तर अडखळलं की पोहणं तिथंच संपलं. होडीला हात लावला की पोहणं बाद होतं, म्हणून पोर स्वतःहून कधीच थांबत नाही. थांबवणं तुझं काम. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ पर्यंत जगातल्या सात अवघड समुद्रधुन्या पार केल्या, आशियात पहिल्यानं. सातव्या वेळी पाण्यात उतरायला आधीच्या सहा वेळा सुखरूप बाहेर यावं लागतं.

घर

मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या आईशी मोकळेपणानं पाळीबद्दल बोल. मला ते कधी नीट जमलं नाही, तुला जमेल. पावडरीच्या महागड्या डब्यांऐवजी केळं, अंडं, शेंगदाणे, बाजरीची भाकरी सांग. आणि पायानं अधू पोर दारात आलं तर परत पाठवू नकोस. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहून त्यांनी भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं.

शेवटचं. पोरं पाण्यात उतरण्याआधी काठावर चपलांचे जोड मोजायचे. सराव संपला की पुन्हा मोजायचे. एक जरी जोड उरला तरी फाटकाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी हेच केलं. किल्ली देतोय ती त्या फाटकाचीच आहे.