नानांचा तांब्या

नानांचे पाय सुजले. तोंडावर सूज आली. जेवण नकोसे झाले. घरच्यांना वाटले, उन्हाचा त्रास असेल. पण सूज उतरेना. तेव्हा थोरल्याने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. ते म्हणाले, "नानांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. साखरेचा आजार जुना आहे. त्यानेच हे झाले."

मूत्रपिंड म्हणजे किडनी. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या अंगाला, एकेक किडनी असते. ती मुठीएवढी असते. गाळणीने चहा गाळावा, तशी ती रक्त गाळते. घाण आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. साखरेचा आजार आणि वाढलेला रक्तदाब ही गाळणी हळूहळू बिघडवतात.

आता नानांचे रक्त यंत्राने गाळतात. याला डायालिसिस म्हणतात. आठवड्यातून तीन वेळा जावे लागते. दर वेळी चार तास लागतात. २०१६ सालापासून सरकारचा राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम आहे. त्यातून गरीब कुटुंबांना जिल्हा रुग्णालयात ही सोय फुकट मिळते.

दोन महिने गेले. एके दिवशी नाना उठलेच नाहीत. म्हणाले, "म्या न्हाई येत. माझ्यापायी पोराची मजुरी बुडते. मला घरीच पडू द्या."

थोरला गप्प बसला. पण सून पुढे आली. म्हणाली, "मामंजी, पोरांना लहानपणी ताप यायचा, तवा तुम्ही मजुरी बुडवून उशाशी बसायचा. तवा पोरं ओझं झाली व्हती का?"

नानांच्या डोळ्यांत पाणी आले. ते उठले.

एक फेरी चुकली तरी अंगात पाणी साठते. ते छातीत भरले तर दम लागतो. जिवावर बेतते.

त्या रात्री घरच्यांनी पाळ्या लावल्या. सोमवारी थोरला, बुधवारी धाकटा, शुक्रवारी पुतण्या. आता एकाच्याच तीन मजुऱ्या बुडत नाहीत.

नानांना पाणी मोजून प्यायचे असते. डॉक्टरांनी माप सांगितले आहे. रोज सकाळी नात तेवढेच पाणी तांब्यात भरते. नानांनी कपभर चहा घेतला, की ती तांब्यातले कपभर पाणी काढून टाकते. ताकाचेही तसेच, आमटीचेही तसेच. फार तहान लागली, तर नाना चूळ भरून टाकतात. हे माप ज्याचे त्याला वेगळे असते. आपल्या मनाने पाणी कमी करू नये.

मीठही कमी हवे. मग साऱ्या घराचीच भाजी कमी मिठाची झाली. लोणचे, पापड ताटातून गेले. नाना एकटेच अळणी खात नाहीत. म्हणून त्यांना दोन घास जास्त जातात.

शेजारच्या काकू मायेने शहाळे घेऊन आल्या. सुनेने त्यांना बसवले, चहा दिला आणि समजावले. शहाळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार फार असतो. निकामी किडनी तो बाहेर टाकत नाही. तो रक्तात वाढला, तर हृदय बंद पडू शकते. काकूंनी शहाळे परत नेले. पण तासभर नानांशी गप्पा मारल्या. नानांना तेच हवे होते.

नानांच्या डाव्या हातावर डायालिसिससाठी शीर जोडली आहे. त्या हाताने ते बादली उचलत नाहीत. त्या हातावर सुई टोचू देत नाहीत. रक्तदाबही मोजू देत नाहीत. अंग दुखले, तरी दुकानातली गोळी घेत नाहीत. कोणी दिलेले भस्म, काढा घेत नाहीत. आधी डॉक्टरांना विचारतात.

नाना आता ओसरीवर बसून नातीचा अभ्यास घेतात. शेजारी तांब्या असतो.

वाचा आणि सांगा
१. नाना दवाखान्यात जायला का तयार नव्हते?
२. चहा प्यायल्यावर नात तांब्यातले पाणी का काढते?
३. तुमच्या घरी असे आजारपण आले, तर पाळ्या कशा लावाल?