लहानसे छिद्र, मोठा निर्णय : प्रेशर वॉशरसाठी योग्य नोझलची निवड

बँकेकडून कर्ज घेऊन वाहने धुण्याचे केंद्र सुरू करणारे अनेक तरुण आपल्या ग्राहकवर्गात आहेत. यंत्र खरेदी करताना ते पंपाचा दाब, मोटरची अश्वशक्ती आणि किंमत यांची बारकाईने चौकशी करतात. नोझलकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः पंप केवळ पाणी पुढे ढकलतो. त्याची वाट अरुंद करून दाब निर्माण होतो, तो नोझलच्या छिद्रापाशी. नोझल चुकले, तर महागडे यंत्र एक तर निष्प्रभ ठरते किंवा घातक.

झोताचा कोन

पाणी किती पसरून बाहेर पडेल, हे कोनावरून ठरते. त्यासाठी रंगांचा संकेत रूढ आहे : लाल ० अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा ६५ अंश. काळे नोझल मोठ्या छिद्राचे असून कमी दाबाने साबणाचे द्रावण फवारण्यासाठी वापरतात.

३० सें.मी. अंतरावर १५ अंशांचा झोत सुमारे ८ सें.मी., २५ अंशांचा १३ सें.मी., तर ४० अंशांचा २२ सें.मी. रुंदीचा पट्टा व्यापतो. पाणी तेच, दाबही तोच. परंतु पट्टा जितका रुंद, तितका आघात सौम्य. म्हणून मोटारीच्या रंगीत पत्र्यासाठी पांढरे, सिमेंटच्या अंगणासाठी हिरवे आणि चिखलाने माखलेल्या नांगरासाठी पिवळे नोझल योग्य. लाल नोझल वाहनावर वापरूच नये. त्याने रंग निघतो, टायरही चिरू शकतो. सुरुवात नेहमी रुंद कोनाने व लांबून करावी.

छिद्राचा क्रमांक

नोझलवर २५०४ असे कोरलेले असल्यास कोन २५ अंश आणि छिद्राचा क्रमांक ४ समजावा. ४,००० पीएसआय दाबाला त्यातून मिनिटाला ४ अमेरिकी गॅलन पाणी जाते. एक गॅलन म्हणजे सुमारे ३.७८५ लिटर. दाब कमी असल्यास प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो.

समजा, आपले यंत्र २,००० पीएसआय दाबाने मिनिटाला ८ लिटर, म्हणजे २.११ गॅलन पाणी देते. ४,००० भागिले २,००० बरोबर २. त्याचे वर्गमूळ १.४१. या दोहोंचा गुणाकार जवळजवळ ३ येतो. अर्थात ३ क्रमांकाचे नोझल घ्यावे. छिद्र याहून लहान असल्यास पंपावर अवाजवी ताण येतो. मोठे असल्यास दाबच तयार होत नाही.

झीज आणि गैरसमज

कूपनलिकेच्या पाण्यातील बारीक वाळूने छिद्र झिजते. क्षेत्रफळ अवघे १० टक्के वाढले, तरी दाब सुमारे १७ टक्के घटतो. पंप बिघडला असे समजून दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी नवे नोझल लावून पाहावे. पाणी येते त्या नळीवर गाळणी बसवणे हा उत्तम उपाय होय.

जिवाची काळजी

उच्च दाबाचा झोत त्वचा भेदून पाणी व घाण शरीरात खोल ढकलू शकतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठून ती उच्च दाबाच्या झोताने झाली आहे, हे डॉक्टरांना सांगावे. नोझल बदलताना यंत्र बंद करून, पाणी तोडून, घोडा दाबून उरलेला दाब सोडावा आणि नवे नोझल पक्के बसल्याची खात्री करावी.

यंत्राचे दरपत्रक घेताना नोझलचे कोन व छिद्राचे क्रमांक त्यात अवश्य नोंदवून घ्यावेत. कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या सहकाऱ्यांनीही त्याची विचारणा करावी. यंत्र नीट चालले, तरच व्यवसाय चालतो आणि हप्ताही वेळेवर भरला जातो.