फायलीत पडून राहिलेला आकडा

हळदीकुंकवाला सतरंजीवर बसले आणि उठताच येईना. शेजारच्या काकूंनी काखेत हात घालून उभं केलं. तेव्हा मी ४९ वर्षांची. एसटीत चढताना दांडा दोन्ही हातांनी धरून अंग वर ओढावं लागे. पाय दुखत नव्हते, त्यांत जोरच नव्हता. हे मी दर वेळी सांगितलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन ‘डी’चं पाकीट लिहून दिलं. "या वयात बायकांचं असंच असतं." घरच्यांनाही मग मी उगाच कुरकुरते असं वाटू लागलं. ते मला अजून बोचतं.

मला आधी मुतखडा झाला होता. विम्यासाठी त्या वेळची फाईल काढली. कॅल्शियम ११.८. समोर छापलेली मर्यादा ८.५ ते १०.५. आकड्याशेजारी ठळक तारा, खाली आमच्याच डॉक्टरांची सही, तारीख दोन वर्षांपूर्वीची. कागद हातात धरून मी पलंगावर बसूनच राहिले. कॅल्शियम आधीच जास्त, आणि मी रोज रात्री दुधाबरोबर वर आणखी गोळी घेत होते!

तो कागद घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला लावलं. १८०! ६५च्या आत हवं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातल्या एकीवर गाठ होती, ती ऑपरेशन करून काढली. माझा थायरॉइडचा रिपोर्ट चांगला म्हणून सगळे निर्धास्त होते. पण त्यात या ग्रंथींचं काहीच कळत नाही.

मांड्या-खांद्यांतला जोर जात असेल, त्यात मुतखडा, बद्धकोष्ठ, सारखी तहान असेल, तर कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि पीटीएच एकाच वेळी तपासायला सांगा. कॅल्शियम जास्त असताना पीटीएच मर्यादेत आलं तरी गप्प बसू नका. तेव्हा ते खाली गेलेलं हवं. रक्तदाबासाठी थायझाइडची गोळी असेल तर तेही सांगा, तिनेही कॅल्शियम वाढतं. पाणी भरपूर प्या. आपले रिपोर्ट आपण वाचा. ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच नर्सला बोलवा, कॅल्शियम एकदम उतरतं. मला दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी हात न टेकता जमिनीवरून उठले आणि तशीच जुन्या डॉक्टरांकडे गेले. फाईल उघडून समोर ठेवली. "फार क्वचित दिसतं हो हे," म्हणाले, आणि फाईल माझ्याकडे सरकवून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.